पत्रा, भूमिती आणि वेग

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त, भिलाई परिसरात स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांच्या अहिवारा येथील स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आपल्या छंदाविषयी किंवा व्यवसायाविषयी प्रत्येकाने थोडे बोलावे, अशी संयोजकांची सूचना आहे. माझा विषय जरा आडवळणाचा आहे. शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायच्या मोटारसायकलीसाठी घरच्या घरी, स्वतःच्या हाताने सुटे भाग घडवणे, हा तो विषय. तो ऐकताच येथे बसलेल्या काही पालकांच्या कपाळावर आठी उमटली असेल. ती आठी अनाठायी नाही. मोटारसायकल आणि वेग या दोन शब्दांनी कितीतरी घरांची झोप उडवली आहे. तेव्हा या छंदाचे कौतुक सांगताना त्याची मर्यादाही सांगणे मला भाग आहे. किंबहुना ती मर्यादा कोठे आहे, हे कळणे हाच या कामातला सर्वांत मोठा धडा आहे, असे माझे मत आहे.

सगळ्याच भागांविषयी बोलू लागलो तर रात्र पुरणार नाही. म्हणून एकाच भागाविषयी सविस्तर बोलतो. टू-स्ट्रोक इंजिनाचे धुरांडे, ज्याला एक्स्पान्शन चेंबर म्हणतात, तो हा भाग. आपल्या तरुणपणी रस्त्यावर धावणाऱ्या गाड्या आठवा. म्हैसूरच्या कारखान्यातली जावा आणि येझ्दी, १९८५ साली आलेली यामाहा आरएक्स १००, पुण्याच्या बजाजने १९८६ मध्ये आणलेली कावासाकी केबी १००. या सर्व टू-स्ट्रोक गाड्या. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशा त्या रस्त्यावरून दिसेनाशा झाल्या. पण हौशी कारागिरांच्या अंगणात त्या अजून जिवंत आहेत. कारण या इंजिनाची शक्ती मोठ्या प्रमाणात त्याच्या धुरांड्याच्या आकारावर ठरते, आणि ते धुरांडे पत्रा, कातर, लाकडी हातोडी व गॅस वेल्डिंग एवढ्या साधनांनी घरी बनवता येते.

एका पोकळ नळकांड्यात एवढे काय दडले आहे? टू-स्ट्रोक इंजिनाला झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात आणि पिस्टन वर-खाली होताना त्या उघडतो व झाकतो. जळलेला वायू बाहेर जाण्याची खिडकी आधी उघडते, ताजे मिश्रण आत येण्याच्या खिडक्या नंतर. पण मिटताना क्रम उलटा होतो. ताज्या मिश्रणाची वाट आधी बंद होते आणि बाहेर जाण्याची वाट आणखी काही क्षण उघडीच राहते. तेवढ्यात आत आलेले थोडे ताजे पेट्रोल आणि हवा धुरासोबत निसटून जाते. ताटात वाढलेला घास हातातून सांडावा, तसा हा प्रकार.

हा सांडलेला घास धुरांडे परत आणून देते. खिडकी उघडताच दाबाची एक लाट नळीतून पुढे धावते. नळी जेथे रुंदावत जाते तेथून तिचे प्रतिबिंब ओढीच्या रूपाने मागे येते आणि सिलिंडरमधला उरलेला धूर खेचून घेते. पुढे नळी पुन्हा अरुंद होते. तेथे आपटून लाट दाबाच्या रूपाने परत फिरते आणि खिडकी मिटण्यापूर्वीच्या नेमक्या क्षणी निसटलेले मिश्रण पुन्हा आत ढकलते. पोट फुगलेल्या त्या विचित्र आकाराचे कारण हे आहे.

या विद्येला शास्त्राचे रूप देण्यात वॉल्टर काडेन या जर्मन अभियंत्याचा वाटा फार मोठा आहे. पूर्व जर्मनीतील त्शोपाउ या गावी एमझेड कारखान्याचा शर्यत विभाग ते पन्नासच्या दशकात सांभाळत होते. पैसा तुटपुंजा, साहित्याची टंचाई. पण ऑसिलोस्कोपच्या साहाय्याने त्यांनी धुरांड्यातल्या लाटांचा पाठपुरावा केला. १९६१ साली त्यांच्या १२५ सीसी इंजिनाने सुमारे २५ अश्वशक्ती दिली. लिटरमागे हे प्रमाण २०० अश्वशक्ती पडते, आणि बाहेरून हवा कोंबणारे कोणतेही यंत्र नसताना तोवर कोणत्याही इंजिनाने ते गाठले नव्हते. तुलनेसाठी सांगतो, आपली आरएक्स १०० ही त्या काळी चपळ गणली जाणारी गाडी ९८ सीसीमध्ये सुमारे ११ अश्वशक्ती देत असे. त्याच वर्षी सप्टेंबरात काडेन यांचा चालक अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला आणि सुझुकीला जाऊन मिळाला. १९६२ मध्ये त्याने सुझुकीला ५० सीसी गटाचे जगज्जेतेपद मिळवून दिले. जपानी टू-स्ट्रोक गाड्यांच्या पुढच्या भरभराटीत त्या गरीब कार्यशाळेतल्या ज्ञानाचा अंश आहे.

आता शाळेकडे वळतो, कारण या धुरांड्याचे माप आपल्या शाळेतल्या गणिताने काढता येते. समजा, इंजिन मिनिटाला ९००० फेरे घेत असताना आपल्याला सर्वाधिक शक्ती हवी आहे. म्हणजे सेकंदाला १५० फेरे. धूर जाण्याची खिडकी अर्धा फेरा, म्हणजे १८० अंश, उघडी राहते असे धरू. तो काळ एका सेकंदाचा तीनशेवा भाग झाला. साध्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तापलेल्या धुरात लाटेचा वेग सुमारे ५०० मीटर धरतात. म्हणजे तेवढ्या काळात लाट १ मीटर ६७ सेंटिमीटर अंतर कापील. तिला जाऊन परत यायचे आहे, म्हणून त्याचे निम्मे, ८३ सेंटिमीटर. खिडकीपासून मागच्या शंकूपर्यंतची लांबी ठरवताना आरंभ या आकड्यापासून करायचा. हेच गणित ८००० फेऱ्यांसाठी मांडले तर लांबी ९४ सेंटिमीटरच्या आसपास येते. अकरा सेंटिमीटरच्या फरकाने इंजिनाचा स्वभाव बदलतो. एका ठरावीक फेऱ्यांवर हे धुरांडे मदत करते, तर इतरत्र तेच अडथळा होते. सर्व वेळी सर्व काही देणारे धुरांडे नसते. काय हवे ते आधी ठरवावे लागते.

लांबी ठरली की शंकू. दहावीच्या महत्त्वमापनाच्या धड्यातला शंकूछेद आठवतो का? बादलीचे घनफळ काढून आपण तो परीक्षेनंतर विसरून गेलो. समजा, मागचा शंकू एका टोकाला ८० मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला १६ मिलिमीटर व्यासाचा हवा आहे, आणि त्याची सरळ उंची १२६ मिलिमीटर आहे. त्रिज्या ४० आणि ८, फरक ३२. पायथागोरसच्या प्रमेयाने तिरकस उंची बरोबर १३० येते. हा शंकू पुढे टोकापर्यंत वाढवला असता तर त्याची तिरकस उंची १६२.५ झाली असती. म्हणून पत्र्यावर एकाच केंद्रातून दोन कंस काढायचे, एक १६२.५ मिलिमीटर त्रिज्येचा आणि दुसरा ३२.५ चा. मधला कोन किती? ३६० गुणिले ३२ भागिले १३०, म्हणजे ८८.६ अंश. ही वर्तुळपाकळी कापून गुंडाळली की शंकूछेद हातात येतो. मापे पत्र्याच्या जाडीच्या मध्यावरून धरायची, एवढे पथ्य पाळायचे.

शंकूछेद, तिरकस उंची, वर्तुळपाकळी, केंद्रीय कोन: हे सारे शब्द आपल्याला मराठीत मिळाले. पुढे इंग्रजी पुस्तके वाचावी लागली, हिंदीत काम करावे लागले. पण पत्र्यावर कंपास टेकवताना मनात उमटणारा शब्द वर्तुळपाकळी हाच असतो. ज्या भाषेत आकार पहिल्यांदा समजला, त्या भाषेत तो डोळ्यांपुढे लवकर उभा राहतो. मातृभाषेतून शिकल्याने आपले काही अडले का, असा प्रश्न पालक अजूनही विचारतात. पत्र्यापुरते उत्तर मी देऊ शकतो. काही अडले नाही.

प्रत्यक्ष घडवणे मात्र कागदाइतके सोपे नाही. प्रथम सर्व शंकू जाड पुठ्ठ्यात कापावेत, चिकटपट्टीने जोडावेत आणि गाडीला लावून पाहावेत. चौकट, पाय ठेवण्याची जागा, वळणावर गाडी कलली की जमिनीपासून उरणारे अंतर, हे सारे पुठ्ठ्यावरच ठरते. नळीला वळण द्यायचे असेल तर ती १० अंशांच्या तिरक्या छेदाने कापून एक तुकडा अर्धा फेरा फिरवावा. २० अंशांचे वळण मिळते. मग सीआर पत्रा घ्यावा, जाडी मिलिमीटरच्या आसपास. आपल्या भिलाईत रूळ आणि जाड प्लेटा तयार होतात. हा पातळ पत्रा बोकारोसारख्या कारखान्यांतून येतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नये, कारण वेल्डिंग करताना त्यातून निघणारा धूर घातक असतो. ज्या भांड्यात वा टाकीत कधीकाळी पेट्रोल होते, त्याला तर ज्योत लावूच नये.

पत्रा एका जाड नळीवर थोडा थोडा वळवत न्यावा. घाई केली की त्याला कोनाडे पडतात आणि पडलेला कोनाडा पुरता निघत नाही. जोडताना आधी समोरासमोर टाके मारावेत, सगळी शिवण एकाच दमात ओढली तर उष्णतेने नळी वाकडी होते. काम पूर्ण झाल्यावर एक टोक बंद करून, आत हलकी हवा भरून, साबणाचे पाणी लावावे. जेथे बुडबुडा येतो तेथे छिद्र आहे. हे धुरांडे इंजिनाला पक्के आवळून चालत नाही. कंपनांनी त्याला तडे जातात, म्हणून ते स्प्रिंगांवर आणि रबरावर टांगतात.

यानंतरची गोष्ट फार थोडे जण सांगतात. नवे धुरांडे लावले की कार्ब्युरेटरमधला जेटही बदलावा लागतो. इंजिन आता अधिक हवा घेते, तिच्या प्रमाणात पेट्रोल मिळाले नाही तर मिश्रण विरळ होते, पिस्टन तापतो आणि भरधाव वेगात सिलिंडरमध्ये अडकून बसतो. मागचे चाक त्याच क्षणी थांबते. म्हणून सुरुवात मोठ्या जेटने करायची, थोडे अंतर जाऊन स्पार्क प्लगचा रंग पाहायचा, वहीत नोंद करायची आणि एका वेळी एकच बदल करायचा. एका भागाला हात लावला की त्याच्याशी जोडलेल्या प्रत्येक भागाची जबाबदारी आपल्यावर येते.

येथे मी त्या मर्यादेपाशी आलो. घरी घडवण्याच्या भागांचे मी तीन वर्ग करतो. पहिला वर्ग म्हणजे जे तुटले तरी गाडी नुसती थांबते किंवा बेसूर आवाज करते असे भाग: धुरांडे, फायबरचे आवरण, इंजिनाखाली तेल झेलणारा ट्रे. येथे नवशिक्याने मनसोक्त शिकावे. दुसऱ्या वर्गात पाय ठेवण्याची पावटी, गिअरचा दांडा, त्यांच्या ॲल्युमिनियमच्या प्लेटा. हे भाग तुटले तर चालकाचा तोल जाऊ शकतो. ते घडवणाऱ्याला निदान इतके माहीत हवे, की धातूला तडा बहुधा अणकुचीदार कोपऱ्यातून किंवा कानशीच्या खोल ओरखड्यातून सुरू होतो, म्हणून प्रत्येक आतला कोपरा गोल करायचा. आणि कडक केलेल्या ॲल्युमिनियमला वेल्डिंग केले की जोडाच्या आसपासची त्याची ताकद बरीच कमी होते. तिसऱ्या वर्गात ब्रेक, आस, हँडल आणि पुढच्या फॉर्कचे शिकंजे येतात. हे तुटले तर माणूस वाचेलच असे नाही. ज्याच्याकडे धातूची परीक्षा करण्याची साधने नाहीत, त्याने हे भाग घरी बनवू नयेत. हौस कितीही असो, येथे हात जोडून मागे फिरावे.

घरी भाग घडवणाऱ्यांमध्ये सर्वांत प्रसिद्ध नाव न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांचे. १९२० सालची इंडियन स्काउट मोटारसायकल त्यांनी आयुष्यभर सुधारत नेली. पिस्टन ते घरीच साच्यात ओतत. १९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्यांनी १००० सीसीखालील गटात ताशी सुमारे २९५ किलोमीटरचा विक्रम केला. विक्रमापेक्षाही मला त्यांच्या कार्यशाळेतली एक फळी अधिक मोलाची वाटते. फुटलेले पिस्टन, मोडलेले दांडे त्यांनी त्या फळीवर मांडून ठेवले होते आणि वर लिहिले होते, वेगाच्या देवाला वाहिलेली ही अर्घ्ये. मोडलेली वस्तू त्यांनी लपवली नाही, फेकली नाही. ती का मोडली, हे रोज डोळ्यांपुढे ठेवले.

आता पालकांच्या आठीविषयी. अहिवाऱ्यात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. नंदिनीच्या चुनखडीच्या खाणी, सिमेंटचा कारखाना, दिवसरात्र धावणारे ट्रक, आणि त्यांच्याच मधून सायकलवर शाळेत जाणारी मुले. याच रस्त्यावरून एखादा तरुण सायलेन्सर कापून फटफटत जातो आणि आपण मोठे यांत्रिक काम केले असे समजतो. त्याच्या त्या कापलेल्या नळीत मापही नसते आणि विद्याही नसते. लाट परत फिरावी असे तेथे काही उरलेलेच नसते. शक्ती बहुधा घटते, वाढतो तो आवाज. कायद्यानेही ते वर्ज्य आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा १८९ व्या कलमानुसार गुन्हा आहे. पण कायद्याआधी साधी माणुसकीची गोष्ट आहे. ट्रॅकवर उतरणारा प्रत्येक जण स्वतःच्या संमतीने धोका पत्करतो. रस्त्यावर चालणाऱ्या म्हाताऱ्या आजींनी अशी संमती कोणालाही दिलेली नसते.

म्हणून वेगाची जागा ट्रॅक. आपल्या देशातही त्याची परंपरा आहे. मद्रासजवळच्या शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती झाल्या. पुढे १९९० मध्ये मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅक सुरू झाला. त्यानंतर कोइम्बतूरला करी स्पीडवे झाला. तेथे उतरण्यापूर्वी तपासनीस गाडी पाहतात. तेलाच्या बोल्टांना तार बांधली आहे का, आरसे व स्टँड काढले आहेत का, हेल्मेट आणि चामड्याचा पोशाख नियमाप्रमाणे आहे का. घरी घडवलेल्या भागाला परक्या माणसाच्या नजरेखालून जावे लागते. या तपासणीची ज्याला भीती वाटते त्याचे काम अजून झालेले नाही, असे समजावे.

पालकहो, तुमचा मुलगा किंवा मुलगी कानस घेऊन बसली तर तिला हटकू नका. तिच्याशेजारी बसा आणि दोन प्रश्न विचारा. हे माप कोठून काढलेस? आणि हे तुटले तर काय होईल? ज्या मुलाला या दोन प्रश्नांची उत्तरे देता येतात, त्याची मला काळजी वाटत नाही. किल्ली हिसकावून घेतल्याने मूल घरी थांबते, पण शहाणे होत नाही. मित्राची गाडी दारात असतेच.

या विचाराला आपल्याकडे थोर आधार आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. रंगांधळेपणामुळे त्यांना रंगकाम सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळावे लागले. पुढे व्हीजेटीआयमध्ये त्यांनी तेच शिकवले. बेळगावात त्यांनी बंधूंसह सुरुवात केली ती सायकलींच्या दुकानाने, आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर घडवला. लोखंडाने जमीन विषारी होईल, या समजुतीपायी शेतकरी तो घेईनात. लक्ष्मणराव चिकाटीने थांबले, नांगर सुधारत राहिले. १९१० मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आधी रेखाटन, मग धातू, आणि शेवटी वापरणाऱ्याने घेतलेली परीक्षा: मोठा उद्योग असो वा अंगणातले धुरांडे, हा क्रम बदलत नाही.

आपण राहतो तो परिसर तर धातूचाच. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. नंदिनीची चुनखडी त्या भट्टीत खनिजातला गाळ वेगळा काढण्याचे काम करते. पोलादाच्या इतक्या जवळ राहूनही आपल्या अनेक मुलांनी धातूला कधी कानस लावलेली नसते, ही गोष्ट मला खटकते.

म्हणून माझी एक सूचना आहे आणि ती मी माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. हीरक महोत्सवी निधीतून शाळेत एक खोली कामाची करावी. एक भक्कम बाक, चार व्हाइस, कानशी, पत्र्याची कातर, व्हर्निअर कॅलिपर आणि भिंतीवर एक रिकामी फळी. गणिताच्या शिक्षकांनी शंकूछेदाचा धडा त्या खोलीत घ्यावा. मुलांनी आधी पुठ्ठ्याचा आणि मग पत्र्याचा शंकू करावा, आणि तो मापाबरहुकूम आला की नाही ते त्यांनीच मोजावे. जे बिघडेल ते फळीवर ठेवावे, खाली कारण लिहून. त्या फळीवर वर्षाअखेरीस किती वस्तू जमल्या, हे पुढच्या मेळाव्यात शाळेने आम्हाला अवश्य सांगावे. त्या खोलीच्या पहिल्या बाकाचा खर्च मी उचलतो. उरलेल्या साहित्यासाठी आपण पुढे यावे, ही विनंती.